ज्येष्ठांची स्थूलता आणि प्रदेशाप्रदेशांतील अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२२ साली जगातल्या दर आठ माणसांमागे एक जण स्थूल होता. पण हा आठवा माणूस सगळीकडे सारखा आढळत नाही. टोंगा, सामोआ या पॅसिफिक बेटांवर निम्म्याहून अधिक प्रौढ स्थूल आहेत, तर जपानमध्ये शंभरांत जेमतेम पाच-सहा. अमेरिकेत साठी ओलांडलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरांत चाळीसच्या आसपास आहे आणि त्याच देशातील मिसिसिपी व कोलोरॅडो या राज्यांमध्येही मोठी तफावत आहे.

ज्येष्ठांविषयीचा असा आकडा ऐकला की तो कसा मोजला, हे आधी विचारावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. सत्तर किलो वजनाच्या एखाद्या आजींचा विचार करा. तरुणपणी त्यांची उंची १५५ सेंटिमीटर होती. आता मणके झिजून, पाठीला बाक येऊन ती १५१ झाली आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो आणि तो ३० किंवा त्याहून अधिक असला की व्यक्ती स्थूल गणली जाते. जुन्या उंचीने आजींचा बीएमआय २९.१ येतो, आजच्या उंचीने ३०.७. फोनवर विचारले तर आजी साहजिकच आठवणीतली उंची सांगतील आणि यादीबाहेर राहतील. भिंतीशी उभे करून मोजले तर यादीत येतील. एका प्रदेशाने फोनवरून माहिती घेतली आणि दुसऱ्याने पट्टी लावली, तर दोघांची तुलना कशी करायची? शिवाय उतारवयात स्नायू घटून त्यांची जागा चरबी घेते, तेव्हा काटा तेवढाच राहतो आणि धोका मात्र वाढतो. आशियाई लोकांना कमी बीएमआयवरही मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले गेले आहेत.

मोजणीतले हे दोष वजा केले तरी खरे अंतर उरतेच. त्याला उत्पन्न आणि शिक्षण कारणीभूत आहे, तसाच रस्ताही. पदपथ उखडलेला असेल, वाटेत टेकायला बाक नसेल, स्वच्छतागृह नसेल, तर गुडघे दुखणारा माणूस घराबाहेर पडेनासा होतो. आणि चालणे सुटले की स्नायू झपाट्याने जातात. अशा माणसाला आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याला नुसते कमी खायला सांगणेही धोक्याचे आहे, कारण व्यायामाविना उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून ज्येष्ठांच्या पाहणीत वजनासोबत कमरेचा घेर, हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेगही नोंदवावा. त्याला लागते एक टेप, पकड मोजण्याचे छोटे उपकरण आणि चार मीटर मोकळी जागा.