चार स्क्रूंच्या मागे

(टेबलावर पालथी ठेवलेली बेस गिटार. पाठीवरची स्टीलची पट्टी, अगदी जवळून.)

आधी ही पट्टी बघू या. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि मधे ठोकलेली अक्षरं: 'स्टील ॲडजस्टेबल नेक'. नेक म्हणजे बॉडीला जोडलेली लांब दांडी, जिच्यावर बोटांनी तारा दाबतात; हे चार स्क्रू तिलाच धरून आहेत. अक्षरांखाली 'मेड इन जपान'. नंबर नाही, कारखान्याचं नाव नाही. पुढे हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असलेल्या टोकावर, कधीकाळी नाव होतं, तेही कुणीतरी खरवडून काढलंय.

टोकियोत नोकरीला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ही बेस एका सेकंडहँड दुकानाच्या 'जंक' कोपऱ्यातून उचलली. तिथे जंक म्हणजे भंगार असंच काही नाही. गॅरंटी मिळणार नाही आणि वस्तू परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आकार मात्र कुठल्याही बेसवाल्याच्या ओळखीचा होता. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९६० मध्ये आणलेलं 'जॅझ बेस' हे मॉडेल, त्याची हुबेहूब नक्कल.

(रेल्वेच्या खिडकीतून डोंगर. मात्सुमोतो स्टेशन.)

अशा नकलांचा माग काढत निघालं की टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून आझुसा गाडीने अडीच-एक तासात मात्सुमोतो येतं. नागानो प्रांतातलं, डोंगरांनी वेढलेलं, कोरड्या हवेचं गाव. लाकूडकाम इथलं जुनं. इथल्या मात्सुमोकू कारखान्यात सिंगर शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनायच्या. आपल्याकडे घराघरांत आजीच्या खोलीत ते मशीन असायचं, त्यामुळे हे कळलं तेव्हा मी क्षणभर थांबलोच. सुतारकामात मुरलेले तेच कारखाने पुढे गिटारींकडे वळले. याच गावात १९६० मध्ये फुजिगेन हा गिटारचा कारखाना सुरू झाला.

१९६५ मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानच्या दौऱ्यावर आला आणि इलेक्ट्रिक गिटारचं अक्षरशः वेड लागलं. दोन-तीन वर्षांत ती लाट ओसरली आणि बरेच कारखाने बुडाले. जे टिकले ते सत्तरच्या सुमारास अमेरिकन मॉडेलांच्या नकलेकडे वळले. आयबानेझ, ग्रेको, आरिया ही नावं तेव्हाची. यातली गोम अशी की हेडस्टॉकवरचं नाव बहुतेकदा ऑर्डर देणाऱ्याचं असतं. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्कीचं, ग्रेको हे कांदा शोकाईचं. पण दोन्ही नावांच्या कितीतरी गिटारी एकाच फुजिगेनमधून निघाल्या. म्हणून नुसत्या नावावरून बेस ओळखायला जाऊ नये.

(जुन्या जाहिरातींची पानं.)

आणि 'लॉसूट', म्हणजे कोर्टातला दावा, या शब्दावर तर मुळीच जाऊ नये. माझी पहिली जपानी बेस मी याच शब्दापायी घेतली. विकणाऱ्याने तो मोठ्या अक्षरांत लिहिला होता, वर पैसेही दणकून लावले होते. घरी आणून पाहतो तर नेकला पीळ बसलेला. त्या शब्दामागची खरी गोष्ट छोटी आहे. जून १९७७ मध्ये गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीची मालक नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गर कंपनीवर, फिलाडेल्फियात दावा लावला. वाद होता गिब्सनच्या हेडस्टॉकच्या आकाराचा. पुढच्या वर्षी आपसांत मिटला. फेंडरच्या नकला त्या दाव्यात नव्हत्याच. तरीही आज जपानी जॅझ बेसच्या नकलेला सर्रास 'लॉसूट' म्हणून विकतात. ग्राहकाच्या भाबडेपणावर केलेला हा धंदा आहे, आणि मला त्याचा राग येतो.

(स्क्रूड्रायव्हर. पहिला स्क्रू सुटतो.)

आता उघडू या. तारा आधी सैल करायच्या. मग चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने.

नेक बाहेर आला. तो बसतो त्या बॉडीतल्या खाचेच्या कडेला लाकूड उघडं आहे. रेघा मोजा: एकावर एक पाच थर. म्हणजे बॉडी प्लायवूडची. समोरून दिसणाऱ्या सुंदर रेषा फक्त वरच्या पातळ पापुद्र्याच्या. महागड्या नकलांत सलग लाकूड मिळतं, बरेचदा सेन नावाचं जपानी लाकूड, जे दिसायला अगदी ॲश या लाकडासारखं. प्लाय निघालं म्हणून बेस वाईट ठरत नाही, पण तिची किंमत सेनच्या बॉडीएवढी देऊ नये.

नेकच्या टाचेवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकावर, फिकट निळा शिक्का आहे: ५१, आणि त्यापुढे ३. माझ्या दृष्टीने या बेसवरची सगळ्यात मोलाची जागा हीच. ५१ म्हणजे १९५१ नव्हे. तो जपानी सम्राटाच्या काळाचा आकडा, शोवा ५१. त्यात १९२५ मिळवा. १९७६, मार्च. फुजिगेनच्या नंबर असलेल्या बेस वाचायला याहून सोप्या: पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. सी ७७ म्हणजे मार्च १९७७.

(व्हॉल्यूमचा नॉब ओढून काढलेला. दांड्यावरचे दाते.)

नॉबखाली आवाज कमी-जास्त करणारा भाग असतो, तो पॉट. त्याच्या दांड्यावरचे दाते मोजा. जपानी पॉटला अठरा, अमेरिकन पॉटला साधारण चोवीस. चोवीस निघाले तर पॉट बदललेला आहे, आणि बहुधा प्लेटचं भोकही मोठं करून घेतलेलं. मग तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपकडेही संशयानेच बघायचं.

दुकानात मात्र कुणी नेक उघडू देत नाही. तिथे मोजायचा टेप न्यावा. नटपासून (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) ८६४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. कितीतरी जुन्या नकला सव्वासातशे ते पावणेआठशेच्या, आखूड असतात. मग ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघायची. कागद जेमतेम सरकला तर उत्तम. पीळ बघायला नेक डोळ्यासमोर धरून, बंदुकीची नळी निरखावी तसं हेडस्टॉककडून बॉडीकडे पाहायचं. नेकच्या आत त्याला सरळ ठेवणारी स्टीलची सळई असते, ती ट्रस रॉड; तिचा आवळायचा नट फिरतो का, हेही विचारून घ्यायचं. तो अडकला असेल तर बेस कितीही देखणी असो, खाली ठेवायची.

(मात्सुमोतोतला रस्ता, संध्याकाळ.)

मार्च १९७६ मध्ये हा नेक कुणीतरी तासला. अवघ्या सहा वर्षांनी, १९८२ मध्ये, फेंडरने स्वतः जपानी भागीदारांबरोबर जपानमध्ये कंपनी काढली आणि गिटारी बनवायचं काम दिलं याच गावातल्या फुजिगेनला. त्या पहिल्या बेसच्या नंबरापुढे 'जेव्ही' अक्षरं असतात आणि आज लोक त्यांच्यासाठी रांगा लावतात. ज्यांची नक्कल झाली, तेच नक्कल करणाऱ्या गावात काम घेऊन आले. ते कसब त्या गावाने माझ्या बेससारख्या बिननावाच्या वाद्यांवर काम करत कमावलं.

(नेक पुन्हा खाचेत बसतो.)

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा, हलक्या हाताने. जुन्या आट्यात तो 'टक्' करून बसतो. तो टक् ऐकू आला की मगच आवळायचा, नाहीतर पन्नास वर्षांच्या लाकडात नवे आटे पडतात.

एक. दोन. तीन. चार.

(नवी ई तार. ॲम्प चालू होतो. एक लांब, खालचा सूर.)