लाल आलवण

(दृश्य: दांडीवर वाळत घातलेलं लाल सुती वस्त्र)

दुखवट्याचा रंग म्हटला की डोळ्यांपुढे पांढरा येतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत विधवेच्या अंगावर बहुधा हे असायचं. आलवण. काठ नाही, पदरावर नक्षी नाही, आत चोळी नाही. पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि त्याखाली वस्तरा फिरवलेलं डोकं.

घरात कुणी गेलं की सुतक दहा दिवसांचं. मुलगा क्षौर करायचा, तेरावं उरकायचं, मग सोयरेधायरे दुखवट्याचे कपडे आणायचे. टोपी, धोतर, लुगडं. ते अंगाला लागलं की माणूस कामाधंद्याला मोकळा. बायको गेलेला तर वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर उभा!

विधवेचा दुखवटा मात्र फिटत नसे. कधी दहा-बारा वर्षांच्या पोरीला आलवण नेसवलं जाई, ते जन्मभरासाठी. केस जरा वाढले की न्हावी मागच्या दाराने यायचा. अशा बाईला 'सोवळी' म्हणत. देवाचा नैवेद्य तिच्या हातचा चाले. लग्नघरात ती समोर आलेली चालत नसे.

सगळीकडे असं नव्हतं. कुणबी-माळ्यांत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे पुन्हा लग्न व्हायचं. पण त्याच बहुजन समाजातून ठाम नकार आला. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं तिथे ठरलं.

(दृश्य: हिंगण्याच्या आश्रमाचं जुनं छायाचित्र)

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवलेही विशीत विधवा झालेल्या, केशवपन झालेल्या. कर्व्यांच्या पुण्याजवळ हिंगण्याला असलेल्या, विधवांसाठीच्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पुढे त्यांनी केस वाढवले. लोक काय बोलले असतील, ते सांगायला नकोच. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा इंग्रजी जेमतेमच येत होतं.

आलवण आता दिसत नाही. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. तो करताना त्यांना एकेका गोष्टीचं नाव घ्यावं लागलं: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं.