वीतभर लांब

मंडळी, मोबाईल आणि पेसमेकरसारखी यंत्रं ह्यावरच्या व्याख्यानाला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली पंधरा सत्कार आणि नारळात गेली. चालायचंच, कोल्हापूर आहे.

मी मंगळवार पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत म्हातारा झालो. मोबाईल नवे होते तेव्हा गिऱ्हाईक फोन काउंटरवर ठेवायचं. घंटी वाजायच्या आधीच माझ्या टेबलावरचा उघडा रेडिओ टर्रर्र करायचा. मी म्हणायचो, "उचला, फोन येतोय." लोकांना वाटायचं, ह्याला काहीतरी विद्या येते. तो गैरसमज मी पुष्कळ वर्षं जपला. खरं तर जीएसएम, म्हणजे जुन्या २जी पद्धतीचा फोन सलग लहरी सोडत नाही, सेकंदाला साधारण २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी फेकतो. तीच गुरगुर रेडिओत येते, तीच श्रवणयंत्रातही.

आमचा एक दोस्त, नाव सांगत नाही, तो इथेच बसलाय. त्याच्या छातीत पेसमेकर, म्हणजे हृदयाला ताल देणारं यंत्र, बसला आणि कुणीतरी भरवलं, मोबाईल म्हणजे मरण. गड्यानं फोन बायकोकडे दिला. रोज सकाळी रंकाळ्यावर वहिनी हात लांब करून फोन धरणार, स्पीकर चालू, आणि हा चार हातांवरून ओरडणार. ह्याच्या भाऊबंदकीचा दावा कोर्टाआधी रंकाळ्याला पाठ झाला! आणि हाच मर्द चष्म्याचं डबं छातीच्या डाव्या खिशात ठेवायचा. झाकणाला हे असं लोहचुंबक! पेसमेकर बरोबर त्याच्या मागं.

आता मुद्दा. चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. भराभर सांगतो.

पेसमेकरवाल्यांनी फोन वापरायला हरकत नाही, फक्त यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा. म्हणजे वीतभर, थोडं कमीच. यंत्र डावीकडे तर फोन उजव्या कानाला. छातीवरच्या खिशात नको, बंद असला तरी नको, कारण २०२० पासूनच्या काही फोनमध्ये आणि कव्हरमध्ये लोहचुंबक असतं. पेसमेकरला चुंबकाची खूण ओळखता येते. डॉक्टर तपासणीला तेच वापरतात. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून आपल्याच ठरल्या तालावर चालतो. आयसीडी, म्हणजे हृदयाचा ताल घातक बिघडला की झटका देणारं यंत्र, असेल तर चुंबक असेपर्यंत झटका देणंच थांबतं. काढलं की बहुधा पूर्ववत. वायरलेस चार्जर मात्र दुप्पट लांब ठेवा, ३० सेंटिमीटर. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट.

अतिदक्षता विभागात पाटी असते, 'मोबाईल बंद ठेवा'. खाली बसलेला माणूसच रील बघत असतो, म्हणून पाटीची किंमत जाते. माझं म्हणणं, पाटीवर लिहा, 'रुग्णाला लावलेल्या यंत्रापासून दोन हात लांब'. पाळता येईल असं सांगितलं की माणूस पाळतो. एमआरआयच्या खोलीत मात्र वाद नाही, फोन बाहेरच. तिथलं चुंबक फोन हातातून ओढून घेतं.

आणि सिग्नल कमी असला की फोन जास्त जोर लावतो, म्हणजे पन्हाळ्याच्या वाटेवर... बरं, बरं, अध्यक्ष उठलेच. श्रवणयंत्रवाल्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या, फोन कानाला लावून कुठल्या बाजूला गुरगुर कमी येते ते बघू.