कॉफी येईपर्यंतचा हप्ता

(दृश्य : कंपाला–म्बरारा हमरस्ता, सकाळ)

युगांडाची राजधानी कंपालाहून नैऋत्येला निघालेला हा रस्ता विषुववृत्त ओलांडून मसाका शहराला पोचतो. इथल्या एका सूक्ष्मवित्त, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेत पुण्याची एक मुलगी स्वयंसेविका म्हणून आली आहे. कार्यालयात ती फार वेळ नसते. सकाळीच कर्ज अधिकाऱ्याबरोबर बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसून ती गावाकडे निघते.

कर्ज देणाऱ्याच्या बाजूला भारतीय चेहरा इथल्या वडीलधाऱ्यांना नवा नाही. 1972 साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई, मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, त्याआधी गावोगावची दुकानं आणि उधारीच्या वह्या त्यांच्याकडेच असत. ही गोष्ट तिला ठाऊक आहे. म्हणून ती आधी ऐकून घेते.

(दृश्य : फणसाच्या झाडाखाली कर्जदार बायकांच्या गटाची बैठक)

पैशांचं बोलणं लगेच निघत नाही. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं शाळेत गेली का, हे सगळं निवांत होतं. मग हजेरी. मग हप्ते. उशिरा आलेलीला दंड. आपल्याकडच्या बचत गटात बसलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. जिचा हप्ता कमी पडतो, तिचा बाकीच्या मिळून भरतात. त्यांनाच भरायचा असतो, म्हणून कुणाला किती झेपेल हेही त्याच आधी ठरवतात. ही जोखीम तारणाच्या कागदाऐवजी या बायकांनी अंगावर घेतलेली आहे, आणि याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळत नाही.

मुलीचं काम माहिती लिहून घेण्याचं. फोटो, मुलं किती, धंदा कोणता, कर्ज कशासाठी. अशा कहाण्या वाचून जगभरचे लोक इंटरनेटवरून छोट्या रकमा देतात. 2005 साली किवा या संकेतस्थळाने पहिली कर्जं दिली, तीही युगांडातच, तोरोरो गावी.

(दृश्य : अंगणात ताडपत्रीवर वाळणारी कॉफी)

टोमॅटो विकणारीकडे रोज चार पैसे येतात. जुने कपडे विकणारीचा बाजाराचा दिवस ठरलेला. कॉफीवालीचं तसं नाही. तिच्या हातात पैसा पडतो तो फळं तोडून, वाळवून, व्यापाऱ्याला घातल्यावर. हंगाम वर्षातून दोनदा. हप्ता मात्र दर आठवड्याला. मधले आठवडे ती कोंबडी विकते, नाहीतर बहिणीकडून उसने घेते. फॉर्ममध्ये धंदा विचारलाय, पैसा कधी येतो हे विचारलेलं नाही.

(दृश्य : शाखेचं कार्यालय, संध्याकाळ)

वीज आहे तोवर नोंदी संगणकात चढवायच्या. काही हप्ते आता मोबाइलवरून येतात. 2018 साली मोबाइल मनीवर सरकारने एक टक्का कर लावला. लोकांनी आवाज उठवल्यावर तो अर्ध्या टक्क्यावर आला, आणि फक्त पैसे काढण्यापुरता राहिला. एवढ्याशा हप्त्यांवर जगणाऱ्या घराला तोही जाणवतो.

मुलीने एक्सेलच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे : उत्पन्नाचे महिने. कॉफीवाल्या घरांचे हप्ते हंगामाला जोडावेत, असं तिचं म्हणणं. शाखाप्रमुखांनी तक्ता नीट पाहिला आणि विचारलं, सगळी वसुली दोन हंगामांवर गेली तर मधल्या महिन्यांत नवी कर्जं कुठल्या पैशातून द्यायची? उद्यापासून दोघं मिळून बाजारातल्या आणि कॉफीवाल्या सदस्यांची गटवार मोजणी करणार आहेत.