डिटेक्टरचे वजन आणि दुखरे सांधे

श्रोतेहो, नमस्कार. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी आणि चांदवड या तालुक्यांत द्राक्षाची बाग मोडण्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी केले असेल किंवा निदान पाहिले असेल. खोडे उपटली जातात, लोखंडी अँगल विकले जातात, जाड ताण तारा गुंडाळून पुढच्या बागेसाठी ठेवल्या जातात. परंतु वर्षानुवर्षे पक्कडीने कापून खाली टाकलेले बांधणीच्या तारेचे बोट-दोन बोट लांबीचे तुकडे मातीतच राहतात. नांगर फिरला की ते खाली जातात, रोटाव्हेटर फिरला की वर येतात. त्या जमिनीत पुढे मका किंवा घास केला, तर चाऱ्याच्या पेंढीबरोबर ते थेट गोठ्यात पोहोचतात.

माझ्या बहिणीच्या गोठ्यातली एक संकरित गाय अशाच तारेने गेली. गाय चारा चावत बसत नाही, ती आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. त्यामुळे तार तिच्या तोंडाला कळत नाही. जड वस्तू पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात येऊन थांबते. हा कप्पा आणि हृदय यांच्यामध्ये केवळ एक पडदा असतो. पोट आकुंचन पावताना टोकदार तार पुढे सरकली, की ती पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. गाय पाठ वाकवून उभी राहू लागली, चारा सोडला, पुढच्या दोन पायांमध्ये सूज उतरली, आणि डॉक्टर आले तोवर हाताबाहेर गेले होते. शवविच्छेदनात निघालेली तार माझ्या करंगळीपेक्षाही लहान होती.

त्या वर्षी मी मेटल डिटेक्टर घेतला. मी आयुष्यभर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम केलेला माणूस आहे. लोखंड शोधण्याचे काम मला परके नव्हते. बहिणीचे मक्याचे रान झाले, मग तिच्या शेजाऱ्यांचे झाले आणि हळूहळू मला गावोगावहून बोलावणे येऊ लागले. दुसऱ्या वर्षी उजवा कोपर बाहेरच्या बाजूने दुखू लागला. चहाचा कप उचलतानाही कळ यायची. फिजिओथेरपिस्टने सांगितले की मनगट वर उचलून धरणारे स्नायू कोपराच्या ज्या हाडाला चिकटतात, तिथला स्नायूचा दोरीसारखा भाग रोजच्या ताणाने दुखावला आहे. गुडघ्यांची झीज आधीपासून होतीच. घरच्यांचे म्हणणे होते की हे काम आता सोडून द्यावे. मला ते सोडायचे नव्हते, म्हणून ते सांध्यांना सोसेल असे कसे करता येईल याचा शोध मी घेतला. कदाचित आपल्यापैकी कोणाला तरी याच कामात किंवा याच दुखण्यात उपयोग होईल म्हणून ते सांगतो आहे.

हे यंत्र पूर्वी किती जड होते, हे सांगण्यासारखे आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत प्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले. गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधण्यासाठी एका सैनिकाला वाहता येईल असा डिटेक्टर तयार केला. त्याचा संच सुमारे 14 किलोचा होता आणि 1942 साली अल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. आपल्या काळातही मिनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीचे सीटीएक्स 3030 हे यंत्र साधारण 2.4 किलोचे होते, त्याच कंपनीचे इक्विनॉक्स 800 सुमारे 1.35 किलोवर आले आणि फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचे ऑर्क्स तर एक किलोच्या आत आहे. म्हणजे हलके यंत्र मिळत नाही, अशी आज स्थिती नाही.

परंतु खोक्यावर छापलेले एकूण वजन पाहून यंत्र निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. ते वजन दांड्यावर कुठे आहे, यावर सगळे अवलंबून असते. शाळेत शिकलेली तरफ येथे आठवावी. समजा, मूठ जिथे धरतो तिथपासून पुढची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेच्या वेटोळ्याची थाळी, 90 सेंटिमीटरवर आहे आणि मागे कोपराजवळ हात टेकवण्याची वाटी 30 सेंटिमीटरवर आहे. दांड्याचे स्वतःचे वजन बाजूला ठेवू. कॉइल 450 ग्रॅमची असेल, तर ती वर धरून ठेवण्यासाठी वाटीवर कोपरापासच्या हाताला तिप्पट, म्हणजे 1 किलो 350 ग्रॅमचा दाब द्यावा लागतो, आणि मुठीवर या दोन्हींची बेरीज, म्हणजे 1 किलो 800 ग्रॅम भार येतो. आता कॉइल 300 ग्रॅमची लावली, तर मुठीवरचा भार 1 किलो 200 ग्रॅम होतो. टोकाला वाचवलेल्या 150 ग्रॅमनी मुठीवरचे 600 ग्रॅम उतरवले. हा हिशेब मी वहीत मांडला त्या दिवशी माझ्या कोपराच्या दुखण्याचे कारण मला कळले.

म्हणून यंत्र घेताना कॉइलचे वजन वेगळे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही, तर कॉइल सोडवून किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावी. मी अकरा इंची कॉइल काढून सहा इंची लावली. लहान कॉइलला एका फेरीत कमी जमीन मिळते आणि ती कमी खोल जाते, हे खरे आहे. एकरभर रानाला जिथे तीन सकाळी लागायच्या तिथे आता पाच लागतात. परंतु जनावराच्या पोटात जाणारी तार मशागतीच्या वरच्या थरातच असते, हातभर खोल काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. खालचा दांडा अॅल्युमिनियमऐवजी कार्बन फायबरचा घेतला, तेवढाच पुढचा भार आणखी उतरला. मुठीला बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी दोन पदरी गुंडाळली. मूठ जाड झाली की बोटे घट्ट आवळावी लागत नाहीत आणि अंगठ्याच्या मुळाशी होणारे दुखणे कमी होते. याला फारसा खर्च आला नाही.

माझी एक चूकही सांगायला हवी. पुढचे जड वाटते म्हणून मी वाटीच्या मागे जादा बॅटरी चिकटपट्टीने बांधली होती. कॉइल खाली झुकायची थांबली, हातात तोल छान वाटला, पण आठवडाभरात खांदा भरून आला. कारण उघड आहे: मागे ठेवलेले वजन वाटीवरचा दाब घेते, परंतु मुठीवरचा भार तेवढाच ठेवते आणि सगळ्याचा एकत्र बोजा शेवटी खांद्यालाच उचलावा लागतो. दुखऱ्या खांद्याच्या माणसाने हा उपाय करू नये. त्याऐवजी मी नातवाच्या जुन्या दप्तराचे दोन्ही पट्टे पाठीवर फुलीसारखे शिवून घेतले, उजव्या खांद्याच्या वर एक कडी लावली आणि त्या कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी बांधून तिचे दुसरे टोक मुठीच्या थोडे पुढे, दांडा जिथे तोलला जातो तिथे, आकड्याने अडकवले. ट्यूब ताणली जाते, यंत्राचा भार दोन्ही खांदे आणि पाठ मिळून घेतात आणि हाताला केवळ डावीकडून उजवीकडे ढकलण्याचे काम उरते. आकडा मात्र प्लास्टिकचाच घ्यावा, लोखंडी आकडा कॉइलजवळ आला की यंत्र त्याचीच बातमी देत राहते.

दांड्याची लांबी हा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. ताठ उभे राहून, कोपर किंचित वाकवून आणि खांदा खाली सोडून कॉइल आपल्या पावलाच्या थोडी पुढे जमिनीला समांतर राहिली पाहिजे. दांडा लांब ठेवला की कॉइल दूर जाते आणि मघाचा तरफेचा हिशेब आपल्यावर उलटतो. आखूड ठेवला की कंबर वाकते. हात फिरवताना मनगट हलवू नये, कमरेपासून वळावे आणि फेरा आपल्या खांद्यांच्या रुंदीहून थोडाच मोठा ठेवावा. मी वीस मिनिटांनी बांधावर बसतो, पाणी पितो आणि उठल्यावर डाव्या हाताने सुरू करतो. पहिले दोन आठवडे डावा हात अडाणी वाटला, पण तोही शिकला. रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा सांधा सुजला असेल, तर यंत्र भिंतीला टेकवून आधी डॉक्टरांकडे जावे.

आपल्या भागातली माती काळी, बेसॉल्टच्या खडकापासून झालेली आहे आणि तिच्यात लोहाचे खनिज पुष्कळ असते. त्यामुळे यंत्र जमिनीवरच कुरकुर करू लागते. पुष्कळ जण मग आवाज नीट ऐकण्यासाठी तोच भाग पुन्हा पुन्हा झाडतात आणि हात दमवतात. सुरुवातीला स्वच्छ जागी कॉइल वर-खाली करून यंत्राला जमिनीची ओळख करून द्यावी आणि संवेदनशीलता थोडी उतरवावी. निम्मी दमणूक तिथेच टळते. छंद म्हणून डिटेक्टर फिरवणारे लोक नाणी शोधतात, म्हणून बहुतेक यंत्रांत लोखंडाचा आवाज बंद ठेवण्याची सोय असते. आपल्याला नेमके लोखंडच हवे आहे, तेव्हा ती सोय काढून टाकावी. ओल्या रानात काळी माती कॉइलच्या खाली चिकटते आणि पाव किलोचे लिंपण कधी झाले ते कळत नाही. म्हणून मी मे महिन्यात, कांदा निघून रान मोकळे झाल्यावर, पहाटे काम करतो.

गुडघ्यांचे दुखणे मात्र यंत्र हलके केल्याने जात नाही, ते खणण्यामुळे होते. पूर्वी मी प्रत्येक आवाजाला खाली बसून खुरप्याने उकरत असे, एका सकाळी चाळीस-पन्नास बैठका व्हायच्या. आता पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तिच्यात फक्की भरली आहे. आवाज आला की उभ्यानेच तिथे पांढरा ठिपका टाकतो आणि पुढे जातो. एकदा एका शेतातल्या आजी बांधावरून म्हणाल्या, "काका, तुम्ही फक्त खुणा करा, खणायला माझे दोन नातू आहेत." तेव्हापासून हीच पद्धत पडली. जिथे नातू नसतात, तिथे जुन्या लाउडस्पीकरचे गोल चुंबक कमरेइतक्या उंच बांबूच्या टोकाला बांधलेले असते. लांब दांड्याच्या खुरप्याने माती हलवायची आणि चुंबक तिच्यावरून फिरवायचे. तार टक्कन येऊन चिकटते तो आवाज मला फार आवडतो. अगदीच बसावे लागले तर पोत्याची घडी गुडघ्याखाली घेऊन एकच गुडघा टेकवावा, आणि हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर जवळ असावा, म्हणजे नेमकी जागा लगेच कळते आणि खड्डा लहान राहतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण यंत्र दिसले की लोक गुप्तधनाविषयी विचारतात. आपला जिल्हा जुन्या नाण्यांचा आहे. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाच्या पराभवाचा तो सर्वांत बोलका पुरावा ठरला. ती नाणी शंभर घरांत वाटली गेली असती, तर हा इतिहास आपल्याला कळला नसता. 1878 च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही जमिनीत सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित जागी तर यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये. मी दुसऱ्याच्या शेतात मालक सोबत असल्याशिवाय पाऊल ठेवत नाही.

सापडलेल्या तारा बांधावर टाकू नयेत, हे शेवटचे सांगतो. बांधावरचे गवत कापले की त्या पुन्हा चाऱ्यात येतात. बहिणीच्या गोठ्यात कडबाकुट्टीच्या यंत्राशेजारी खिळ्याला तेलाचा जुना डबा टांगलेला आहे, त्याला झाकण आहे, आणि कुट्टी ज्या पत्र्यावरून खाली पडते त्याच्या खाली दोन चुंबके चिकटवलेली आहेत. बहीण दर रविवारी ती चुंबके पुसते, निघालेल्या तारा डब्यात टाकते आणि डबा भरला की भंगारवाल्याला देते. गेल्या रविवारी पत्र्यावर एकच तुकडा होता.