तळघरात पुरी होणारी बिअर

मंडळी, लंडनला जाऊन आलेल्या आपल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते: तिथली बिअर कोमट असते. ती कोमट नसते. ११ ते १३ अंश सेल्सिअसला असते. आपण बर्फगार बाटलीला सरावलेलो, म्हणून जिभेला ती कोमट वाटते. आणि हे अकरा-बारा अंश काही पबवाल्याच्या आळसापोटी आलेले नाहीत. त्या पिंपातलं यीस्ट अजून जिवंत असतं. फार गारठलं तर ते निपचित पडतं, तापलं तर बेफाम होतं. आज मला या जिवंत बिअरबद्दल, म्हणजे रिअल एलबद्दल बोलायचं आहे. आणि ती समजून घ्यायला तुम्हाला थेम्सच्या काठावर, हॅमरस्मिथच्या ‘द डव्ह’ या पबात नेणार आहे.

रॅव्हन्सकोर्ट पार्क स्टेशनवर उतरायचं, हमरस्त्याखालच्या भुयारी वाटेने पलीकडे जायचं, की नदीकाठची जुनी गल्ली लागते. इमारत अठराव्या शतकातली. एके काळी इथे कॉफी हाउस होतं. दारातून आत शिरल्यावर एक एवढीशी खोली आहे, जेमतेम सव्वाचार फूट रुंद आणि आठ फुटांच्या आत लांब. जगातली सर्वांत लहान बार-खोली म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने ग्लास उचलायचा कसा, हा प्रश्नच. पण लोक तिथेच गर्दी करतात, आणि मागे नदीवर छान मोकळी गच्ची आहे ती तशीच राहते. समुद्र इथून बराच लांब, तरी भरती-ओहोटी इथवर पोचते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, होड्या कलंडलेल्या दिसतात. काही तासांनी पाहावं तर पाणी गच्चीच्या भिंतीला लागलेलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत याच पात्रातून जाते, पटनी ते मॉर्टलेक, ६.८ किलोमीटर. त्या दिवशी मात्र इथे जाऊ नये असं माझं मत आहे. दोन होड्या डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जातात आणि त्यासाठी माणसं अख्खी दुपार पायांवर उभी असतात.

आता तळघरात उतरू. ब्रुअरीतून पिंप येतं तेव्हा बिअर पुरी झालेली नसते. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंटांचं. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ते तळघरात आडवं ठेवायचं आणि मग त्याला हलवायचं नाही. विरजण लावलेलं भांडं आपण जसं धक्का न लावता ठेवतो, तसंच. वरच्या भोकात एक मऊ, सच्छिद्र लाकडी खुंटी मारतात. आतलं यीस्ट उरलेली साखर खात असतं, त्याचा वायू या खुंटीतून हळूहळू सुटतो. फेस थांबला की कडक खुंटी मारून उरलेला वायू आत राखायचा, गाळ खाली बसू द्यायचा, एक-दोन दिवसांनी तोटी ठोकायची आणि चव घेऊन पाहायची. कधी तयार झाली, हे कुठल्याही लेबलावर लिहिलेलं नसतं. ते तळघर सांभाळणाऱ्याने ठरवायचं. म्हणून मी म्हणतो, ब्रुअरीचा शेवटचा विभाग पबच्या तळघरात असतो. बनवणाऱ्याने सोन्यासारखी बिअर दिली तरी इथला माणूस ती मातीमोल करू शकतो.

वर काउंटरवर जी उंच लाकडी मूठ दिसते, ती शोभेची नाही. तो हातपंप आहे. त्यात वायूचा दाब नाही. माणूस मूठ ओढतो तेव्हा तळघरातून बिअर वर येते. आणि जितकी बिअर बाहेर, तितकी हवा पिंपात. म्हणजे पहिला पाइंट भरला की घड्याळ सुरू. तीन-चार दिवसांत पिंप संपलं नाही, तर बिअर आंबट होऊ लागते.

एवढा व्याप कोण करणार? विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या मोठ्या कंपन्यांनी हाच हिशेब मांडला. बिअर गाळायची, पाश्चराइझ करायची, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळातून सोडायची. तळघरात जाणकार माणूस नको, नासाडी नाही, सगळीकडे एकच चव. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, उगाच त्यांना खलनायक करू नका. पण १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅमरा’ नावाची ग्राहक चळवळ सुरू केली. त्यांची व्याख्या नेमकी होती: ज्या पिंपातून वाढायची त्यातच जी दुसऱ्यांदा आंबते आणि जिला बाहेरून वायू लावलेला नाही, ती रिअल एल. ग्राहकांनी संघटित होऊन बिअर करण्याची एक जुनी रीत वाचवली, याची उदाहरणं जगात फार नाहीत.

‘डव्ह’ फुलर्स या कंपनीचा पब आहे. त्यांची चिझिकची ग्रिफिन ब्रुअरी इथून नदीकाठाने चालत जाण्याइतकी जवळ. फुलर, स्मिथ आणि टर्नर ही भागीदारी १८४५ची. मग २०१९मध्ये कंपनीने बिअर बनवण्याचा धंदा जपानच्या असाहीला विकला आणि पब स्वतःकडे ठेवले. म्हणजे आता ब्रुअरी एकाची, तळघर दुसऱ्याचं. मला हे खटकतं. बिअर बिघडेल म्हणून नव्हे. पण ज्या वस्तूचं अर्धं काम पबात होतं, तिचे दोन मालक झाले की दोष कुणाचा यावर वाद घालायला जागा होते.

थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या पबच्या नावावरून शेजारी पुस्तकांची एक बांधणीशाळा आणि पुढे १९००मध्ये डव्ह्ज प्रेस हा छापखाना निघाला, कॉब्डन-सँडर्सन आणि एमरी वॉकर यांचा. त्यांचा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे, अतिशय देखणा. भागीदारी फाटली तेव्हा ठरलं की कॉब्डन-सँडर्सनच्या मृत्यूनंतर टाइप वॉकरकडे जाईल. म्हाताऱ्याला ते सहन होईना. पंचाहत्तरीच्या या गृहस्थाने १९१६-१७मध्ये रात्रीबेरात्री हॅमरस्मिथच्या पुलावर जाऊन टनभर शिसं थोडं थोडं करून थेम्समध्ये टाकलं. २०१४मध्ये पाणबुड्यांनी त्यातले सुमारे दीडशे खिळे चिखलातून वर काढले.

आपला आणि या बिअरचा संबंध काय? लोक लगेच इंडिया पेल एलचं नाव घेतात. हिंदुस्थानसाठी कुणी खास शोधून काढलेली बिअर, ही दंतकथा. तसली भरपूर हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडक बिअर आधीपासून होती. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून ती ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढली आणि मुंबई-कलकत्त्यापर्यंतच्या कित्येक महिन्यांच्या प्रवासात पिंपातच मुरली. दुसरा संबंध कमी लोकांना ठाऊक आहे. एल नितळ दिसावी म्हणून तिच्यात माशांच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, केलेला पदार्थ घालतात. गाळ त्याला चिकटून खाली बसतो. आपले कोळी बांधव घोळ माशाच्या ज्या बोताला सोन्यासारखा भाव मिळतो म्हणतात, ते हेच वाताशय. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून असा माल मुख्यतः चीनला जायचा, आणि इंग्लंडलाही.

तेव्हा कडक शाकाहारी मंडळींनी काउंटरवर विचारून घ्यावं. माशाचं काही न घातलेली एलही आता बऱ्याच ठिकाणी मिळते. ती थोडी गढूळ दिसते, पण चवीत उणी नसते. ग्लास आंबूस लागला तर संकोच न करता परत द्या, चांगल्या पबात मुकाट्याने बदलून देतात. आणि पब निवडताना दहा पंपांना भुलू नका. पंप दोन-तीन असोत, पण खप दांडगा हवा.