उजव्या कोपऱ्यातलं नाव

मंडळी, आज बोलायचं आहे फ्रीडरिश म्युलर या जर्मन कोरकाबद्दल, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्यावरून प्रती छापण्याची कला जाणणाऱ्या कलावंताबद्दल. जन्म १७८२, श्टुटगार्ट. वडील योहान गॉटहार्ड म्युलर त्या काळचे नामवंत कोरक, म्हणजे विद्या घरातलीच. पुढे पॅरिसला शिकला, १८१४ मध्ये ड्रेस्डेनच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला आणि ३३व्या वर्षी गेला. इटालियन चित्रकार राफाएलची सिस्टीन मॅडोना, म्हणजे मरियम आणि बाळ येशूचं चित्र, त्याने मरण्याआधी तांब्यावर कोरलं. चित्र राफाएलचं की म्युलरचं, यावर मी बोलणार आहे. पण हे काम कसं चालतं ते आधी ऐका, नाहीतर माझं म्हणणं पटणार नाही.

गुळगुळीत पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवायचा. कोरणीची मूठ तळहातात धरून टोक पुढे ढकलायचं. रेघेला वळण हवं असेल तर उशीवरचा पत्राच फिरवायचा. चित्र सगळं उलटं. तांब्यावर करडी छटा नसतेच. जाड रेघ, बारीक रेघ, जवळच्या, लांबच्या, एवढंच भांडवल. त्यातून मरियमच्या गालाची कांती काढायची! चुकलं की खरवडायचं, पत्रा मागून ठोकून वर उचलायचा, घासायचा आणि पुन्हा कोरायचं. मग छपाई: शाई खाचांत भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढायचा. प्रत्येक प्रतीला पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. म्युलर या कामात कित्येक वर्षं झिजला. शेवटी मनही थकलं आणि पिरनाजवळच्या झोनेनश्टाइन मनोरुग्णालयात १८१६ च्या मे महिन्यात तो वारला. चित्र त्याच साली बाहेर आलं.

आता माझं जुनं दुखणं. अशा चित्रांखाली बारीक अक्षरांत दोन नावं असतात, डावीकडे चित्रकाराचं, उजवीकडे कोरकाचं. फ्रेमवाले ती पट्टी कापून टाकतात, नाहीतर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकतात! मी दुकानात उभं राहून वाद घातले आहेत. ‘चित्र तर राफाएलचं आहे ना?’ असं उत्तर मिळतं. आणि आपल्याकडे? मिरजेला १८०५ साली ताम्रपटावरून गीता छापली गेली. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एक तांबट हे काम शिकला होता, त्याच्याच हातची ती. या सभागृहात त्याचं नाव कोण सांगेल? पाहा, सगळे गप्प.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, म्हणून मुद्दा झटपट. मूळ चित्र १७५४ पासून ड्रेस्डेनला. तिथवर जाणारे किती? बाकी युरोपने राफाएल पाहिला तो कोरकांच्या हातून. केलर, मांडेल आणि श्टाइनला या कोरकांनीही तेच चित्र कोरलं, आणि प्रत्येकाची मरियम वेगळी दिसते. चेहऱ्यावरची सावली कुठे संपवायची, हे त्या त्या कोरकाने ठरवलं. राफाएल तर त्यांच्या सुमारे तीनशे वर्षं आधीच वारलेला! म्हणून श्रेय दोघांचं, आणि लेबलवर नावं दोन. दुसरं, तांबं मऊ, रेघा लवकर झिजत, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघत. पत्र्यासाठी पोलाद १८२० च्या सुमारास आलं, शतकाच्या मध्याला तांब्यावर विजेने लोखंडाचा थर चढवू लागले, आणि अखेरीस छायाचित्रणाने कोरकाचं पोटच हिरावलं. हा भाग मला तासभर हवा होता. आता प्रश्न घेतो, आणि उरलेलं त्यातच सांगतो.